विडीवरची मेहेरबानी

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट आणि गुटख्यावर 40 टक्के कर लावायचं ठरवलं. त्याच बैठकीत विडीचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर उतरवला, तेंदूपत्त्याचा 18 वरून 5 वर. या सवलतीचं समर्थन नेहमी त्याच शब्दांत होतं: विडी गरिबाची आहे आणि तिच्यावर कामगारांची पोटं चालतात.

गरिबाची आहे, हे खरंच आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत विडी ओढणारे प्रौढ 7.7 टक्के होते, सिगारेट ओढणारे 4 टक्के. विडीत तंबाखू कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि जोर लावून मारावे लागतात, त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत भरपूर उतरतात. स्वस्त विडी म्हणजे हमालाच्या, बिगाऱ्याच्या फुप्फुसात जास्त धूर. याला सवलत कसं म्हणायचं?

त्या छातीवर आधीच बराच भार असतो. लहानपणचं अर्धपोटी जेवण, होऊन गेलेला टीबी, कामावरची सिमेंटची धूळ, घरी चूल. त्या मजुराची बायको विडीला हातही लावत नाही, तरी चार पायऱ्या चढताना तिला धाप लागते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्येच ‘लॅन्सेट’मधून बजावलं होतं, की सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार धूम्रपान न करणाऱ्यांनाही गाठतो. पण तपासणीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग ‘वय झालं’ म्हणत दोघंही खोकत राहतात.

आता कामगारांचं. 1976 च्या कायद्याने विडीवर उपकर बसला. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलं उभी राहिली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. कामगारांचा कळवळा असणाऱ्यांनी तेव्हा आवाज चढवायचा होता. सोलापूर-सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. कर उतरला म्हणून ती आपोआप वाढत नाही. तंबाखूची भुकटी मात्र तिच्या आणि मांडीवरच्या पोराच्या नाकातोंडात रोज जाते.

म्हणून मागणी सरळ आहे. विडीला सिगारेटइतकाच कर लावा. त्यातला ठरावीक वाटा कायद्याने विडी कामगारांसाठी राखून ठेवा. त्यातून त्यांच्या वस्त्यांत फुप्फुसांची तपासणी सुरू करा आणि विड्या वळणाऱ्या बायकांना दुसरं काम शिकवून ते मिळेपर्यंत मजुरी द्या. गरिबासाठी काही स्वस्त करायचंच असेल, तर गॅसचं सिलिंडर करा, दम्याचा पंप करा. विडी नको.