सुरक्षेचा विजय असो

ऑगस्ट 2024च्या विंडोज अपडेटबद्दल मायक्रोसॉफ्टचे जाहीर आभार मानायला हवेत. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब या बूटलोडरमधलं 2022 सालचं सुरक्षेतलं भोक त्यांनी अवघ्या दोन वर्षांत बुजवलं. विंडोजसोबत लिनक्स नांदणाऱ्या संगणकांना हे लागू होणार नाही, असं आधी कळवलं होतं. पण उदार मनाने अशाही अनेकांना ते दिलं. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर ‘काहीतरी गंभीर बिघडलं आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटायची आणि मशीन बंद. लिनक्स सुरूच झालं नाही, तर त्यात चोर शिरणार कुठून?

कोरेगाव भीमाच्या खोलीमालकांनी हा कित्ता गिरवावा. भाडेकरू सणसवाडीला सेकंड शिफ्टला गेला, की त्याच्या सुरक्षेसाठी कुलूप बदलावं. रात्री डबा हातात घेऊन तो दाराशी उभा राहिला, की वरून सांगावं, ‘धोरण आहे.’ भाडं मात्र चालू.

लिनक्स पुन्हा सुरू करण्याचा उपायही शिस्तीचा होता. बायोसमध्ये जाऊन ‘सिक्युअर बूट’ बंद करा, लिनक्स उघडा, अपडेटने घातलेलं नवं सुरक्षा धोरण पुसून टाका, रीस्टार्ट करा आणि ‘सिक्युअर बूट’ पुन्हा चालू करा. मायक्रोसॉफ्टची पक्की दुरुस्ती मे 2025मध्ये आली. अपडेटमधूनच.