जरा उजवीकडे सरक, मावशी

मला गाडी लागते. कुंभार्ली घाटात लागते, वरंध्यात लागते, आणि एकदा डेपोत उभ्या असलेल्या एस.टी.चं ड्रायव्हरनं नुसतं इंजिन चालू केलं तेव्हाही लागली होती. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या पदरी गाडीत बसू न शकणारी बायको पडावी, याला ते पूर्वसंचित म्हणतात. मी म्हणते, पाटे नीट बसवले असतेत तर ही वेळ आली नसती.

त्यामुळे डेन्व्हरच्या भाच्यानं, ताईच्या निखिलनं, ‘मावशी, मोॲबला जाऊ या, जीपनं, दगडांवरून’ असं जाहीर केलं तेव्हा मी मुकाट्यानं आल्याच्या वड्या थापायला घेतल्या. त्याची जीप म्हणजे २००४ सालची रँग्लर, छताला कापड. वाटेत रॉकी पर्वत लागतो. तो मी डोळे मिटून ओलांडला. फार सुंदर आहे म्हणतात.

मोॲब हे युटामधलं, लाल दगडांच्या मधोमध वसलेलं छोटंसं गाव. १९५०च्या दशकात इथे युरेनियम शोधायला माणसं लोटली आणि त्यांनी कड्याकपारींतून ट्रक जातील असे रस्ते काढले. युरेनियमची लाट ओसरली, रस्ते उरले. मग १९६७पासून दर ईस्टरला इथे जीपवाल्यांची जत्रा भरू लागली. म्हणजे पोटापाण्यासाठी ज्या वाटेनं जीव मुठीत धरून जावं लागे, त्याच वाटेनं आता लोक रजा टाकून, पैसे मोजून जातात. शिवाय पोटातलं पाणी हलवून घेतात ते वेगळंच.

जीपवाटांच्या सँड फ्लॅट्स भागात नाक्यावर पैसे भरून शिरलो. ‘हेल्स रिव्हेंजच्या वाटेनं नेत नाही तुला,’ निखिल उदारपणे म्हणाला, ‘फिन्स अँड थिंग्ज करू. सौम्य आहे.’ एवढं बोलून त्यानं चारी चाकांतली हवा अठरा पौंडांवर आणली आणि पुढच्या चाकाशी मातीत आडवा झाला.

‘काय करतोयस रे?’

‘स्वे बार सोडतोय.’

हे तोवर दुसऱ्या बाजूनं वाकलेच होते. वाहनाखाली वाकलेला माणूस दिसला की ह्यांना घरी आल्यासारखं वाटतं. तिथूनच त्यांनी मला शिकवणी दिली. पुढच्या अॅक्सलच्या दोन बाजूंना जोडणारी ही पोलादी दांडी, मधे चासीला रबरी बुशांत धरलेली, दोन्ही टोकांना वीतभर लांबीची एकेक लिंक. लग्नात नवरा-नवरीच्या उपरण्या-शेल्याला गाठ मारतात ना, तशी ही दोन चाकांची गाठ. एक हललं की दुसऱ्याला ओढ बसते. डांबरी रस्त्यावर वळण आलं की गाडीचं धड बाहेरच्या अंगाला कलतं, दांडीला पीळ पडतो आणि तो पीळ धडाला पुन्हा सरळ करायला बघतो. म्हणून वळणावर गाडी फार झुकत नाही.

म्हणजे एवढी वर्षं वळणावळणावर माझ्यासारखीची बाजू घेणारं गाडीत कोणीतरी होतं, हे मला आज कळलं. आणि हा दिवटा पिना काढून तिलाच सोडवत होता! लिंकेचं खालचं टोक त्यानं खुंटीवरून उपसलं, लिंक वर फिरवली आणि चासीला अडकवून टाकली. मी प्लॅस्टिकची पिशवी उघडून मांडीवर ठेवली.

पुढचा भाग मला अजून नीट सांगता येत नाही. फिन्स म्हणजे वालुकाश्माच्या उभ्या पाठी. त्यांच्यावर गाडी चढते तेव्हा काचेतून फक्त आभाळ दिसतं आणि उतरते तेव्हा फक्त दगड. ह्या दगडाला स्लिकरॉक म्हणतात, पण टायर त्याला असा धरून राहतो की जागोजागी रबराचे काळे पट्टे उमटलेत. डावं चाक कंबरभर दगडावर, उजवं खड्ड्यात, आणि गाडीचं धड दोघांच्या मधे कसंबसं समजूतदारपणे उभं. डोकं खिडकीवर आपटत नव्हतं. पोट जागच्या जागी. मागून ह्यांचा आवाज आलाच: दांडी जोडलेली असती तर डाव्यानं उजव्यालाही वर ओढलं असतं, ते हवेत लोंबलं असतं, आणि धड एकदा इकडे, एकदा तिकडे आदळलं असतं. ‘हवेतल्या चाकाला काय पकडायचंय?’

मला भूकसुद्धा लागली. सायलीनं, म्हणजे निखिलच्या बायकोनं, पोळीचा रोल हातात दिला आणि मी तो चढावर खाल्ला. माझ्या माहेरी हे कोणी खरं मानणार नाही.

उतरून पाय मोकळे करायला गेले तर निखिल ओरडला, ‘त्या काळ्या मातीवर पाय नको!’ वाटेबाहेरच्या वाळूवर बारीक काळपट खपली धरलेली असते. ती माती नव्हेच, शेवाळं, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांची विणलेली साय आहे. वाळू तीच धरून ठेवते आणि एका पावलानं मोडली तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. मी पुन्हा दगडावर आले. वाकून बघितलं तर तिच्यावर शिवणाच्या टाक्याएवढे मनोरे उठले होते. हेल्स रिव्हेंजवरच्या डायनोसॉरच्या पावलांच्या ठशांचं मात्र निखिलनं एवढं कौतुक लावलं होतं की, त्यांना खपलीवर पाय ठेवू नका असं कोणी सांगितलं नव्हतं वाटतं, असं म्हणावंसं वाटलं.

खरा प्रवास संपल्यावर सुरू झाला. सँड फ्लॅट्सचा डांबरी रस्ता गावाकडे वळणं घेत उतरतो. ‘गावापर्यंत हळूहळू असंच जाऊ, खाली सपाट जागेत बार बसवू. पाच मिनिटांचं काम,’ निखिल म्हणाला.

‘माझी दांडी आधी बसव,’ मी म्हणाले. ‘मग वळणं.’

पहिली बाजू झटकन बसली. पहिली बाजू नेहमीच बसते म्हणे, कारण तोवर दांडीचं दुसरं टोक मोकळं असतं. दुसऱ्या बाजूला लिंकेचं भोक खुंटीपासून बोटभर वर राहिलं. जागा दिसायला सपाट. ह्यांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली बॉनेटवर आडवी ठेवली, डोळा बारीक करून पाण्याची रेघ बघितली आणि निकाल दिला, ‘कललीय.’ निखिलनं गाडी पुढे घेतली, मागे घेतली, स्टिअरिंग फिरवलं. बोटभर अंतराचं दीड बोट झालं. पाच मिनिटांना अमेरिकेत नेमकी किती मिनिटं असतात, हे मला कोणीतरी लिहून द्यावं.

तेवढ्यात शेजारी एक नवी कोरी रँग्लर रुबिकॉन थांबली. तिचं हे काम डॅशबोर्डवरच्या बटणानं होतं. २००७पासून रुबिकॉनला ती सोय आहे. ताशी अठरा मैलांच्या वर गेलं की बार आपोआप जुळतो. आतल्या दाढीवाल्या आजोबांनी बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला. दोन्ही बाजू एका रेषेत येईपर्यंत त्यांनाही थांबणं भाग होतं, म्हणून ते खाली उतरून आम्हाला सल्ला द्यायला आले. ह्यांनी त्यांना लगोलग सांगितलं की विलीज जीप एके काळी मुंबईत जुळवली जात होती आणि २०२१पासून ही रँग्लर पुण्याजवळ रांजणगावला जुळवतात, जिथे महागणपती आहे. महागणपती म्हणताना ह्यांचे हात जोडले गेले. बघून आजोबांनीही जोडले.

मग सगळ्यांचं एकमत झालं. ह्या कोपऱ्यावर धड खाली दाबायला हवं. वजन हवं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तापलेल्या पत्र्यावर टॉवेल घातला आणि मला उचलून मडगार्डवर बसवण्यात आलं. मी पाय टेकायला टायर शोधला तर हे खालून ओरडले, ‘चाकावर पाय ठेवू नकोस, वजन वाया जातंय!’ पाय अधांतरी.

‘आलं, आलं... जास्त झालं! मावशी, थोडी ऊठ.’

अर्धी उठले.

‘इतकी नको!’

‘अहो मावशी, श्वास सोडा,’ सायली म्हणाली. तिला काय वाटलं असेल ते असो, मी सोडला.

‘जरा उजवीकडे सरक.’

आजोबा अंगठा दाखवून मला धीर देत होते. मी घसरू नये म्हणून निखिलनं एका हातानं माझा घोटा घट्ट धरून ठेवला होता, दुसऱ्या हातात लिंक. घाटात मला उलटी झाली की ताई असंच कपाळ धरायची, जोर अगदी हाच. ‘थांब गं, झालंच,’ खालून निखिल पुटपुटला, आणि आवाजही तिचाच निघाला. ताई गेल्यापासून मला कोणी असं धरलं नव्हतं. मी सरकायची थांबले. नेमकं तेव्हाच खाली खट्ट झालं.

‘बसलं!’ हे ओरडले. ‘हलू नकोस, पिन घालू दे!’

वळणं उतरताना मी डोळे उघडे ठेवले. गाडी थोडी झुकायची आणि लगेच सावरायची. पोटातला पोळीचा रोल थोडा झुकला, तोही सावरला. दुसऱ्या दिवशी आर्चेस उद्यानात डेलिकेट आर्च ही कमान बघितली. युटाच्या नंबरप्लेटवर असते तीच.

रात्री हॉटेलात ह्यांनी पुण्याला भावजींना फोन लावला. मला वाटलं, कमान सांगतील, कोलोरॅडो नदी सांगतील. हे म्हणाले, ‘अरे, जॅक नाही, पट्टा नाही, काही नाही. हिला बसवली कोपऱ्यावर. पासष्ट किलो पुरे होतात.’

एकसष्ट आहे. मी फोन मागून घेतला आणि भावजींना तेवढं स्पष्ट सांगितलं.