बरोव्हियाचे सरकार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ खेळणारी मंडळी बरोव्हियाचे सरकार असलेल्या काउंट स्ट्राड फॉन झारोविच यांना रक्तपिपासू म्हणतात. सरकारांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ते अन्याय झालेले प्रेमिक आहेत. रक्ताचं काय, ते ओघाने आलं. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने त्यांना या खेळाच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसकथेत आणलं, तोवर भुयारातले बरेचसे राक्षस कुणीतरी येऊन मारावं एवढ्याच कामावर नेमलेले असत. स्ट्राडना मात्र गाऱ्हाणं होतं. उमेदीची वर्षं लढायांत गेली, मग तात्याना आवडली, आणि तिने पसंत केलं धाकट्या सर्गेईला. सरकारांनी ऐन लग्नाच्या दिवशी भावाचा खून केला आणि लगेच नवरीची समजूत काढायला गेले. तिने गडाच्या तटावरून उडी घेतली. म्हणजे मुळात ही भाऊबंदकी. जग जिंकायला निघालेल्या खलनायकाला ‘जिंकून पुढे काय करणार?’ असं विचारलं की तो गडगडाटी हसतो, कारण उत्तर त्यालाही ठाऊक नसतं. स्ट्राडना नेमकं काय हवंय हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. तात्यानाच्या चेहऱ्याची इरीना खाली गावात आहे. तिला वाचवायचं ठरवलं की खेळाडूंच्या वीरांचं सरकारांशी वैर आपोआप जडतं. आता कुणी म्हणेल, मूळ खेळात तर सरकारांचा हेतू पत्ते काढून ठरत असे, मग त्यात खरेपणा कसला? पण पत्त्यांनी ठरतो तो आजचा डाव. हवं ते मिळेपर्यंत समोरच्याचा नकार ऐकूच न येण्याची खोड कुठलाही पत्ता आला तरी जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढे समर्थ आहेत, तर नवशिक्या वीरांना पहिल्याच रात्री का संपवत नाहीत? संपवलं तर खेळ संपेल, हे झालं खेळ चालवणाऱ्याचं कारण. सरकारांचं कारण वेगळं. शतकानुशतकं धुक्यात कोंडलेल्या बरोव्हियाच्या दरीत राज्य करायचं, रयत मान वर करायला धजत नाही, आणि अचानक चार उद्धट पाहुणे येऊन तोंडावर उलट बोलतात. यासारखी करमणूक नाही! म्हणून २०१६च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या नव्या साहसकथेत ते वीरांना चक्क जेवणाचं निमंत्रण धाडतात. शेवटच्या दालनात प्रथमच दिसणाऱ्या खलनायकाचा राग येणार तरी कसा? राग यायला आधी ओळख लागते, आणि आदबशीर यजमानाचा येतो तसा राग दुसऱ्या कुणाचा येत नाही.

खलनायकाला इतकं दुःख दिल्यावर तो बिचारा वाटू लागतो, ही तक्रारही आहेच. वाटू दे की. खंत आणि पश्चात्ताप यांतला फरक स्ट्राडइतका स्वच्छ क्वचितच कुणी दाखवतो: तात्याना गेल्याची खंत अपार, सर्गेईच्या खुनाची चौकशी बंद. ती पुन्हापुन्हा जन्म घेते, दर वेळी हातची निसटते, आणि दोष कधी तिचा, कधी दैवाचा, कधी आगंतुक वीरांचा निघतो. स्वतःचा नंबर अजून लागलेला नाही.