वरातीतली कांडी

पुतण्याच्या वरातीत कुणीतरी माझ्या हातात पांढऱ्या फोमची एक कांडी कोंबली. हातभर लांब, बुडाला बटण. दाबलं की लाल, परत दाबलं की निळी, मग हिरवी, आणि पुढे लुकलुकण्याचे प्रकार. नाचता येत नाही म्हणून मी ती नुसतीच वर धरून उभा राहिलो. मागून येणारा एक मोटारसायकलवाला मुकाट्याने थांबला आणि मी हात खाली करेपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात अशा चाळीसेक कांड्या चपला-पत्रावळ्यांत लोळत होत्या. दादा म्हणाला, "टाका उकिरड्यावर. वीस रुपयाची तर वस्तू." आमच्याकडे काही टाकून द्यायचं तर आधी ते पाच-सात वर्षं माळ्यावर काढतं. मी पंधरा कांड्या पिशवीत भरल्या. दहा दादाच्याच ओसरीवर ठेवल्या, त्याच्या देखत.

घरी आल्यावर एक उघडली. बुडाचं बूच निघालं, त्यात घड्याळात असतात तसे तीन बटण-सेल आणि तीन इवलेसे दिवे. बस. (सेल लगेच वर ठेवले, घरात कुणाचं रांगतं पोर आलं तर ते औषधाच्या गोळ्यांपेक्षा वाईट.) त्यातल्या निळ्या दिव्याकडे मात्र मी जरा अदबीने पाहिलं. लाल आणि हिरवा एलईडी कधीचा होता, निळा काही केल्या साधेना. तो साधला म्हणून आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. तोच दिवा आमच्या मांडवात बुंदीच्या चुऱ्यात पडला होता.

याआधी मला कडकन मोडायची नळी ठाऊक होती. आतली काचेची कुपी फुटते, दोन रसायनं एकत्र येतात आणि नळी उजळते. पण एकदा पेटली की संपेपर्यंत पेटलेलीच. सत्कार समारंभातल्या प्रमुख पाहुण्यासारखी, मधे थांबवायची सोय नाही. ही कांडी निदान बटणाचं ऐकते.

पावसाळ्यात लाइट गेली तेव्हा तिच्या उजेडात पेपर वाचायला बसलो. मथळे दिसले, तेही हिरवे. बायकोने ती काढून घेतली आणि तांब्यात उभी करून न्हाणीघरात ठेवली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. बॅटरी असते आपल्याला दिसावं म्हणून. कांडी असते आपण दिसावं म्हणून. न्हाणीघर कुठे आहे एवढं कळलं की बाकीचं आपल्याला अंधारातही जमतं. मग एक जिन्याच्या मोडक्या पायरीला बांधली, एक रात्री फिरायला जाताना छत्रीच्या दांड्याला. भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो तेव्हा मात्र खिशातली चुकून दाबली गेली आणि ती लुकलुकू लागली. काजवे गप्प झाले, वाटाड्या झाला नाही. तो जे बोलला ते योग्यच होतं.

खरा उपयोग काढला दादाने. उसाला पाणी द्यायचं तर मोटरला लाइट पाळीपाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हा माणूस दोन वाजता दारं धरायला जातो. अंधारात सगळे बांध सारखेच. एका हातात फावडं, एका हातात बॅटरी, आणि परतताना मोटरची पेटी कुठे ते सापडत नाही. आता तो पेटीपाशी लाल कांडी बांधतो आणि जे दारं फोडलंय तिथल्या चिखलात हिरवी खोचतो. फावडं दोन्ही हातांत. बॅटरी गळ्यात, फक्त घोणशीसाठी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, उसात रेल्वेचं स्टेशन झालंय.

पण सेल ते सेलच. आधी निळा मावळतो, मग हिरवा, कारण त्यांना जोर जास्त लागतो. लाल थोडक्यात भागवतो आणि शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे हल्ली दादाच्या शेतात सगळेच सिग्नल लाल आहेत, आणि मागच्या पाळीला तो पेटी समजून भलत्याच दाऱ्यावर जाऊन बसला. नवे सेल घालावेत तर तेवढ्यात नवी कांडी येते, आणि तालुक्याला जायचा कंटाळा.

परवा रात्री अडीचला त्याचा फोन आला. मागे मोटरचा आवाज येत होता.

"बाळ्या, तुझ्या पोराचं कधी करतोस? कांड्या संपत आल्यात."