टेन्शन टिकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

टेन्शन कोणालाही येते. ते टिकवणे मात्र अंगभूत चिकाटीशिवाय जमत नाही. पुष्कळांचे संध्याकाळच्या चहाबरोबर उतरते आणि रात्री बिचाऱ्यांना गाढ झोप लागते. हे मार्गदर्शन अशांसाठी.

आधी आपली शिल्लक मोजावी. सिएटलच्या होम्स आणि राहे या डॉक्टरांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घडामोडींचे गुणपत्रक प्रसिद्ध केले. लग्नाचे 50 गुण त्यांनीच ठरवून टाकले आणि बाकीचे सगळे त्याच्या तुलनेत लोकांकडून मोजून घेतले. जोडीदाराचा मृत्यू 100, निवृत्ती 45, सासरकडची कटकट 29, घर बदलणे 20. सुट्टीलासुद्धा 13 आहेत, तेव्हा महाबळेश्वरहून कोणी रिकाम्या हाताने परतू नये. नाताळला 12 देणाऱ्यांनी घरचा दहा दिवसांचा गणपती, दहावीतला मुलगा आणि सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेली नव्हती. ते गुण आपले आपण घालून घ्यावेत.

आता मुख्य विधी. रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984च्या पुस्तकात ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा मांडल्या आहेत. एक, अडचणीवरच इलाज करायचा. दुसरी, अडचणीमुळे होणारी तगमग सावरायची. आपल्या हातात काही असेल तिथे पहिली बरी, नसेल तिथे दुसरी. आपण नेमकी अदलाबदल करायची. इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख उद्यावर आली आहे? मग माळ्यावरची पितळी भांडी काढून घासावीत, अनुलोम-विलोम करावा, 'होईल ते होईल' म्हणावे. पोर्टल तेवढे उघडू नये. उलट जिथे कोणाचेच काही चालत नाही, तिथे हिरिरीने इलाज सुचवावेत. कुणाचे वडील गेले असतील तर तेराव्याच्या आत भेटायला जावे आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारावे, ''सेकंड ओपिनियन घेतलं होतं का हो?'' एवढ्या प्रश्नावर त्या घराच्या कित्येक रात्री निघतात. (प्रत्येक नात्यागोत्यात असा एक काका असतो. माणूस वाईट नसतो. नुसते शेजारी बसून राहणे त्याला जमत नाही, इतकेच.)

तरीही टेन्शन ओसरू लागले तर घरच्यांची मदत घ्यावी. ''तू अजिबात विचार करू नकोस,'' असे कोणीतरी म्हणतेच. ही आज्ञा तंतोतंत पाळावी. डॅनिएल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितले होते. आलाच मनात, तर घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिल्या. पुढे त्यांनाच विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तर अस्वलाने ठाणच मांडले. तेव्हा निकालाचा विचार करायचा नाही, असा निर्धार करूनच अकराला दिवा मालवावा.

एक पथ्य कडक आहे: वही-पेनाला हात लावू नये. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज 15 मिनिटे मनाला लागलेली गोष्ट, काय घडले आणि काय वाटले यांसह लिहून काढली. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. कष्टाने जमवलेले असे चार दिवसांत घालवू नये. अगदीच राहवले नाही, तर फॅमिली ग्रुपवर लिहावे.