कूलर बंद पडल्यास करावयाची कार्यवाही

घर गरम ठेवण्याच्या यंत्रणेबद्दल विदर्भातल्या वाचकाला काही सांगण्याची गरज नाही. ती मार्चच्या मध्यात आपोआप सुरू होते, तिला वीज लागत नाही, देखभाल लागत नाही आणि ती बंद पडल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. एप्रिलपासून थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं आणि गरम पाण्याच्या नळाला त्याहून गरम. गीझर तेवढा बंद आहे ना, हे एकदा पाहून घ्यावं. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ रोजी तर शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. यंत्रातच दोष होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण त्या दुपारी बर्डीवरून स्कूटरने घरी आलेल्या माणसाचा खात्यापेक्षा यंत्रावर जास्त विश्वास होता.

तेव्हा प्रस्तुत मार्गदर्शन थंडाव्यापुरतंच आहे, आणि थंडावा म्हणजे कूलर. एसीचाही विचार पुढे केला आहे, पण जागेअभावी थोडक्यात.

कूलर कधी बंद पडतो हे आधी ध्यानात घ्यावं. तो मार्चमध्ये बंद पडत नाही, कारण तेव्हा मेकॅनिक रिकामा असतो. तो नवतपाची वाट पाहतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, बारशाला म्हणून पुण्याहून आलेली मंडळी जेवून आडवी झाली आणि घड्याळात अडीच वाजले, की तो एक उसासा टाकून थांबतो. अशा वेळी कुटुंबप्रमुखाने प्रथम चौकशी बसवावी. ‘कोणी हात लावला होता?’ हा चौकशीचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. जो त्या क्षणी घरात नाही त्याच्यावर ठपका ठेवून चौकशी पाच मिनिटांत संपवावी, म्हणजे पुढच्या कामाला माणसं मोकळी होतात.

त्यानंतर लाइन गेली आहे का ते पाहावं. पाहायचं म्हणजे खिडकीतून शेजारच्यांचा पंखा पाहायचा. त्यांचाही बंद असेल तर चिंतेचं कारण नाही. दुःख सार्वजनिक झालं की अर्धं उरतं आणि ओट्यावर बसून डीपी उडाली की फ्यूज गेला यावर चर्चा करता येते. त्यांचा चालू आणि आपला बंद, हा मात्र कसोटीचा प्रसंग. बहुधा आपला एक फेज गेलेला असतो. गल्लीतला एखादा उत्साही तरुण ‘काका, काहून टेन्शन घेऊन राहिले, खांबावरून आत्ता बदलून देतो’ म्हणतो. त्याला पन्हं पाजावं, आग्रहाने दुसरा ग्लासही द्यावा आणि लाइनमन येईपर्यंत खाली बसवून ठेवावं.

लाइन असूनही कूलर गप्प असेल, तर त्याच्याजवळ जाऊन ऐकावं. हात लावू नये, नुसतं ऐकावं. पंखा गुणगुणतोय पण फिरत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. पुष्कळ घरांत या कामासाठी एक काठी राखून ठेवलेली असते. जाळीतून ती आत घालून पात्याला ढोस दिला की पंखा धडपडत सुरू होतो आणि ढोस देणारा उरलेल्या उन्हाळ्यापुरता इंजिनिअर ठरतो. प्रस्तुत मार्गदर्शन या पद्धतीला मान्यता देऊ शकत नाही, कारण पातं फिरू लागलं की काठीचं आणि मनगटाचं काय होईल हे पात्यालाही ठाऊक नसतं. स्विच बंद करून, प्लग काढून नवा कंडेन्सर बसवून घ्यावा. तो स्वस्त असतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. ‘कंडेन्सरच असेल’ हे वाक्य पाहुण्यांसमोर सावकाश उच्चारल्यास कुटुंबप्रमुखाची गेलेली पत काही अंशी परत मिळते.

पंखा जोरात फिरतोय पण हवा भट्टीतून आल्यासारखी येते, हा दुसरा प्रकार. इथे दोष पंपाचा. कूलरच्या टाकीत तळाशी मुठीएवढा पंप पडलेला असतो आणि तीन बाजूंना ठासलेलं गवत ओलं ठेवण्याची सगळी जबाबदारी त्या एकट्यावर असते. आपण ज्याला गवत म्हणतो ते खरं तर लाकडाचे बारीक तंतू. पाणी वाहून नेताना त्यांचा चुरा टाकीत उतरतो आणि पंपाच्या तोंडात जाऊन बसतो. त्यावर विदर्भाने शोधलेला उपाय म्हणजे पंपाला जुना मोजा घालणे. मोजा धुतलेला असावा, ही अट वेगळी सांगावी लागू नये, पण लागते. एवढं करूनही पाणी चढत नसेल तर वर गवताच्या डोक्यावर जी पन्हाळ असते तिच्यात डोकावावं. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून तिची बारीक भोकं बुजलेली असतात, पाणी एकाच कोपऱ्यातून धो धो पडतं आणि बाकीचं गवत कोरडं ठणठणीत राहतं. खराट्याची एक काडी घ्यावी आणि एकेक भोक मोकळं करावं. या कामाला शाळकरी मूल उत्तम. मोबाइल काढून घेऊन त्याच्या हाती काडी दिली तर ते तासभर रमतं. टाकीत पाणी असल्याची खात्री मात्र सर्वांत आधी करावी. कोरडा पंप चालवून जाळणाऱ्या घरांत ‘मी सकाळीच भरलं होतं’ असं सांगणारे निदान तिघे सापडतात.

आता तिसरा प्रकार, ज्यात काहीच बिघडलेलं नसतं. पंखा फिरतोय, पाणी पडतंय, तरी जीव गुदमरतो. अशा वेळी घरातल्या खिडक्या मोजाव्यात. पुण्या-मुंबईच्या मावशींनी ‘थंडी बाहेर जाते गं’ म्हणत त्या बंद केलेल्या असतात. मावशी वयाने मोठ्या असल्या तरी इथे पदार्थविज्ञानाची बाजू घ्यावी लागते. कूलर हवेतली उष्णता खर्चून पाण्याची वाफ करतो. तासाला पाचेक लिटर पाणी उडालं तर जवळपास एक टनाच्या एसीइतकी उष्णता त्यात खर्ची पडते, तीही दीड-दोनशे वॉटच्या विजेत. पण त्यासाठी बाहेरची कोरडी हवा आत यायला हवी आणि ओली झालेली हवा दुसरीकडून बाहेर जायला हवी. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, कधी त्याहूनही कमी. म्हणून ४४ अंशांची झळ ओल्या गवतातून आली की तिशीच्या आसपास उतरते. खिडकी बंद केली की तीच ओली हवा कूलर पुन्हा पुन्हा चावतो आणि खोलीचं न्हाणीघर होतं. मावशींना हे सगळं सांगू नये. ‘मावशी, जरा हवा खेळती राहू द्या, तुमच्या गुडघ्यांना ओल बाधते’ म्हणावं. खिडकी त्या स्वतः उठून उघडतील. आणि हेच यंत्र मुंबईला नेऊन लावलं तर तिथल्या दमट हवेत ते फक्त आवाज करेल, हेही त्यांना सांगू नये, कारण त्या आधीच मुलासाठी एक घेऊन जायच्या विचारात असतात.

पुढचा परिच्छेद थट्टेचा नाही. लोखंडी कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस, एवढं जमलं की शॉक बसायला काही कमी उरत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात येतच असतात. पाणी भरण्यापूर्वी स्विच बंद करून प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. प्लग तीन पिनांचा हवा आणि तिसरी पिन शोभेची नको, तिच्यामागे खरं अर्थिंग हवं. घरात ईएलसीबी नसेल तर बसवून घ्यावा. तो गळतीचा करंट ओळखून क्षणात वीज तोडतो, आणि वारंवार पडतो म्हणून त्याला बगल देऊन जोडणी करणाऱ्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नये. कोणी कूलरला चिकटलाच तर त्याला हाताने ओढायचं नाही. आधी मेन स्विच बंद करायचा. मुलांनी कूलरसमोर उभं राहून जाळीत तोंड घालून ‘आऽऽ’ ओरडायचं नाही, हा नियम मोडला जाणार हे माहीत आहे. म्हणून तर अर्थिंग.

यातलं काहीच जमलं नाही, तर मेकॅनिकला फोन करावा. मेकॅनिक मे महिन्यात शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला असतो. आपण गोधनीत राहत असाल तर तो हिंगण्यात, आपण हिंगण्यात असाल तर तो पारडीत.

‘भाऊ, निघून राहिलो ना मी. पंधरा मिनटात पोचतोच.’

या वाक्याचा अर्थ आजचा दिवस सोडून द्या असा समजावा. तरी ‘बरं भाऊ, या’ असंच उत्तर द्यावं. रागावलेल्या गिऱ्हाईकाचा नंबर तो ‘नको’ या नावाने जतन करतो. मधल्या वेळेत खिडकीत ओली चादर टांगावी. वारं असेल तर तीही गरिबाचा कूलरच. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारावं. पहिल्या बादलीची वाफ अंगावर येते, तिसऱ्या-चौथ्या बादलीला स्लॅब जरा नमतो आणि रात्री अंथरूण टाकण्याजोगं होतं. खिशात कांदा ठेवण्यास हरकत नाही, तो रात्री पिठल्यासोबत खाता येतो. पण घरातलं म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, ग्लानी आली, तर कांदा, पन्हं, मेकॅनिक सगळं बाजूला ठेवावं. ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत त्याला तडक दवाखान्यात न्यावं. १०८ हा नंबर फ्रिजवर लिहिलेला असावा.

एसीवाल्यांविषयी. एसी बंद पडला की येणारा माणूस जिन्यातूनच निदान करतो, ‘गॅस संपला.’ गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला. म्हणून शांतपणे विचारावं, ‘भाऊ, लीक कुठे आहे?’ पुढची शांतता एसीच्या थंडाव्यापेक्षा आल्हाददायक असते. पुष्कळदा आतली जाळी धुळीने गच्च झालेली असते, हवा जात नाही, कॉइलवर बर्फ चढतो आणि मग तो वितळून सोफ्यावर टपकतो. जाळी नळाखाली धुवावी. रिमोटवर १६ केल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त कुटुंबप्रमुखाला समाधान मिळतं. २०२० पासून नवे स्टार लावलेले एसी सुरू होताना २४ अंशांवर असतात, असं सरकारने ठरवलं. पहिल्याच मिनिटाला तो आकडा खाली आणणे आणि मध्यरात्री दुलई शोधणे हे नागरिकांनी ठरवलं. एक मात्र एसीच्या बाजूने सांगायला हवं. त्याची क्षमता कारखान्यात बाहेर ३५ अंश धरून मोजतात, आणि ३५ अंश नागपुरात मे महिन्यात रात्रीचं जेवण झाल्यावर असतात. दुपारी तो थकला तर त्याला बोल लावू नये.

कूलर सुरू झाल्यावर खरी आणीबाणी सुरू होते, ती जागावाटपाची. झोत एक आणि दावेदार सात. आजोबांचा वयाचा हक्क, वहिनींच्या कुशीत तान्हं बाळ, नीटची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी पुतणी, आणि पाहुणे, ज्यांना हक्क नसतो पण नाही म्हणता येत नाही. पाणी ज्याने भरलं त्याने समोर झोपावं, असा न्याय्य प्रस्ताव दरवर्षी मांडला जातो आणि दरवर्षी पाणी भरणाराच स्वयंपाकघराच्या दारात झोपतो. रात्री दोनला कोणी तरी उठून कूलरचं तोंड आपल्याकडे वळवतं. तो चाकांवर असल्यास त्याचा कुंईकुंई आवाज सर्वांना ऐकू जातो आणि सर्व जण झोपेचं सोंग घेतात. या प्रश्नावर शासनाचं धोरण अद्याप नाही.

पहिला पाऊस झाला की मेकॅनिकचा फोन येतो, ‘भाऊ, येऊ का?’ तेव्हा घाईने हो म्हणू नये. हवा दमट झाली की पाणी उडत नाही, कूलरसमोर बसूनही अंग चिकट राहतं आणि पापड मऊ पडतात. हा बिघाड नव्हे, मोसम आहे. पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकी मात्र रिकामी करावी, तळ घासावा आणि कोरडी ठेवावी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, म्हणून भर उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची असते. ज्यांनी केली नाही त्यांनी निदान आता करावी. जुनं गवत फेकून द्यावं. गंजलेल्या पत्र्याला रंग मारावा. पंप मोज्यासकट वाळवून डब्यात घालावा आणि तो डबा कुठे ठेवला हे घरातल्या किमान दोघांना सांगून ठेवावं. एकालाच सांगितलं, तर मार्च उजाडेपर्यंत तो नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो आणि फोन उचलत नाही.