मिशिगनवाल्यांना तिळगूळ

कोलंबस, ओहायो
6 फेब्रुवारी 2025

ती. आई-बाबांना सा. न.

पार्सल आज पोचलं. रथसप्तमी परवाच झाली, पण तिळाच्या वड्यांना तिथी कोण विचारतंय! गुळपोळ्यांचा मात्र भुगा झालाय. समीर तो दुधात कालवून खातोय आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत हे लिहितेय.

आई, आधी तुझी काळजी. दादाने दाखवलेला मारामारीचा व्हिडिओ 30 नोव्हेंबरचा आहे. फॉरवर्ड होत होत भाईंदरच्या इंद्रलोकात पोचायला त्याला दोन महिने लागले; त्यापेक्षा तुझं पार्सल बरं. कॉलेज फुटबॉलमध्ये मिशिगनने आमच्या ओहायो स्टेटला इथे येऊन 13-10 हरवलं आणि वर मैदानात झेंडा रोवायला गेले, म्हणून ती झोंबाझोंबी. आम्ही घरीच होतो. परवा फोनवर तुला ऐकू आलं ते समीरचं ओरडणं माझ्यावर नव्हतं, समोरच्या मिशिगनवाल्यांवर होतं.

बाबा, तुम्ही विचारलंत, 20 जानेवारीला नोटर डेमला 34-23 हरवून चॅम्पियन झालात, मग आता भांडण कसलं? समोरचे म्हणतात, चॅम्पियनला आम्ही हरवलं, तर पहिले कोण? ओम म्हणतो, ऑरेगन. डिसेंबरपर्यंत एकही मॅच हरले नाहीत, ऑक्टोबरमध्ये ओहायोलाही एका गुणाने हरवलं. समीर म्हणतो, मग 1 जानेवारीला त्याच ऑरेगनला 41-21 धुतलं ते काय? यावर ओम : नोटर डेमला सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयने हरवलंय, त्यांनाच देऊन टाका पहिला नंबर!

प्लेऑफची क्रमवारी लावायला तेरा जणांची समिती असते. त्यांचा 2024 च्या हंगामातला नियम ऐका. बारा टीम घ्यायच्या, पण पहिल्या चार जागा फक्त आपापला गट जिंकलेल्यांना, शिवाय त्यांना पहिल्या फेरीत सुट्टी. म्हणून क्रमवारीत नववी असलेली बॉइझी स्टेट तिसऱ्या जागी, बारावी ॲरिझोना स्टेट चौथ्या जागी आणि आमची सहावी ती आठव्या. मग क्रमवारी लावता कशाला? पुरुषोत्तम करंडक स्पर्धावाल्यांचं कसं सरळ : 2022 मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही, करंडक कोणालाच नाही. बाबा, तुम्ही तेव्हा टाळी दिली होतीत. इथे असं केलं तर शहर पेटेल.

दादाला सांग, पार्किंगवरून सेक्रेटरीशी भांडू नकोस. इथे मॅचच्या दिवशी मैदानाजवळचे लोक आपल्या अंगणात गाडी लावू देतात, चाळीस डॉलर घेऊन. जवळजवळ साडेतीन हजार रुपये, चिखलात गाडी उभी करायचे! पावती नाही, काही नाही. एक आजोबा घडीच्या खुर्चीत बसून नोटा मोजत होते. समीरने वर त्यांना थँक यू म्हटलं. हाच माणूस भाईंदर स्टेशनबाहेर दहा रुपयांवरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालतो.

ईराचं आणखी वेगळंच. मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात इथे युनिव्हर्सिटीतल्या पाट्यांवर इंग्रजी 'एम' दिसला की लाल पट्टीची फुली मारतात. तिने मोहरी, मेथी, मसूर सगळ्या डब्यांवर मारली. आज पार्सलवर 'मीरा-भाईंदर' दिसल्यावर पट्टी घेऊन धावली. "त्याला हात लावायचा नाही!" मी जरा जास्तच ओरडले. बाबांचं अक्षर, मार्करने दोनदा गिरवलेलं. खोका काही फेकवेना. त्यात सध्या बूट ठेवलेत.

जिंकलो त्या रात्री हाडं गोठवणारी थंडी होती, तरी बाहेर हॉर्नचा नुसता धिंगाणा. मुलं नाचत होती. मला जूनमधली वर्ल्ड कपची रात्र आठवत होती. आई, तू फटाके ऐकवायला फोन खिडकीबाहेर धरला होतास, आणि बाबा मागून ओरडत होते, "पडेल तो!"

लिफ्ट अजून बंदच? दूध वॉचमनकडून वर मागव. काकूंच्या नातवाचं जमलं, बरं झालं. मुलगी वसईची म्हणजे सुकेळ्यांची सोय झाली.

संध्याकाळी समोरच्यांना वड्या देणार आहोत. समीर म्हणतो, तिळगूळ देतो, पण गोड बोलणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, पहिला नंबर कोणाचा ते लेखी कळवा. ओमने तुम्हाला समितीवर चौदावे नेमलंय. मानधन नाही.